आंबवलेले पदार्थ रोज खावेत का? इडली, ताक, आंबील, कांजी आणि आपलं पोट

तलावपाळी

नमस्कार. मी आहारतज्ज्ञ आहे, नौपाड्यात काम करते. हल्ली माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, पोटातल्या चांगल्या जिवाणूंसाठी काय घेऊ?" आणि पाठोपाठ मोबाइलवर कोंबुचाच्या, म्हणजे आंबवलेल्या चहाच्या, बाटलीचा फोटो. घोडबंदर रोडच्या दुकानांत किमची (आंबवलेल्या भाज्या), केफिर (आंबवलेलं दूध), कोंबुचा सगळं मिळतं. ज्याला आवडतं त्याने जरूर घ्यावं. पण त्याच घरी सकाळी इडली झालेली असते, दुपारच्या जेवणात ताक असतं, फ्रिजमध्ये विरजणाची वाटी असते, आणि यातलं काहीच हिशेबात धरलेलं नसतं. म्हणून हा धागा काढतेय.

धान्यावर, डाळीवर, दुधात असलेले जिवाणू आणि यीस्ट त्यातली साखर खातात आणि आम्ल, वायू, काही ब जीवनसत्त्वं तयार करतात. इडलीच्या पिठात हे काम मुख्यतः ल्यूकोनॉस्टॉक मेसेंटेरॉइडिस नावाचा जिवाणू करतो. तो उडीद डाळीबरोबरच येतो, बाहेरून काही घालावं लागत नाही. त्याने सोडलेला कार्बन डायऑक्साइड उडदाच्या बुळबुळीत वाटणात अडकतो आणि पीठ वर येतं. नुसतं तांदळाचं पीठ ठेवलंत तर ते आंबट होईल, पण तसं फुगणार नाही, कारण वायू धरून ठेवणारं त्यात काही नसतं.

शरीराच्या दृष्टीने मला सगळ्यात मोठा वाटणारा फायदा असा की ज्याची जाहिरात कुणी करत नाही. धान्य आणि डाळींमध्ये फायटिक आम्ल असतं. ते लोह आणि जस्त यांना धरून ठेवतं, म्हणजे खाल्लेलं लोह पूर्णपणे अंगी लागत नाही. भिजवणं आणि आंबवणं या दोन्हींत ते बऱ्यापैकी मोडतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. ज्या देशात ही परिस्थिती आहे तिथे तीच डाळ, तोच तांदूळ, तीच नाचणी आंबवून खाणं ही लहान गोष्ट नाही. फोलेट आणि रायबोफ्लेविनही आंबवण्यात वाढतं.

आता दुसरी बाजू. इडली वाफवली, आंबोळी तव्यावर टाकली की जिवाणू मेले. त्यामुळे "इडलीतून प्रोबायोटिक (म्हणजे उपयोगी जिवंत जिवाणू) मिळतं" हे वाक्य चुकीचं आहे. जिवंत जिवाणू हवेत तर न शिजवलेलं आंबवलेलं हवं: दही, ताक, कांजी, मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या भाज्या. दोन्ही प्रकार चांगले, फक्त दोघांचं काम वेगळं. कढी केलीत की ती शिजलेल्यांच्या गटात गेली.

तुमच्या घरी काय आंबवलं जातं ते लिहा. प्रश्न असतील तर तेही विचारा.

कोपरखैरणे_७

ताई, चांगला धागा. मला दूध प्यायलं की अर्ध्या तासात पोट फुगतं. दही मात्र वाटीभर खाल्लं तरी काही होत नाही. आई म्हणते मनाचे खेळ आहेत. खरंच तसं आहे का?

तलावपाळी

आईंना सांगा, मनाचे खेळ अजिबात नाहीत. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती पचवणारं लॅक्टेज नावाचं विकर (एन्झाइम) मोठेपणी बऱ्याच भारतीयांत कमी होतं. दही लागताना जिवाणू त्यातलं थोडं लॅक्टोज आधीच खाऊन टाकतात. शिवाय त्यांच्याकडे स्वतःचं लॅक्टेज असतं, ते आपल्या आतड्यात गेल्यावरही काम करत राहतं. आंबवलेल्या पदार्थांच्या बाबतीत इतका पक्का पुरावा फार थोड्या दाव्यांना आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये हा दावा मान्य केला, तोही जिवंत जिवाणू पुरेशा संख्येने असलेल्या दह्यासाठीच. तुम्ही बिनधास्त दही-ताक घ्या. कॅल्शियमही त्यातूनच मिळेल.

सावंतवाडी_ते_सीवूड्स

आमच्याकडे दर रविवारी आंबोळी असते. तीन वाट्या जाडा तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, चमचाभर मेथी, मूठभर पोहे. डाळ आणि तांदूळ वेगवेगळे भिजवायचे, डाळ आधी वाटायची, अगदी लोण्यासारखी. मग हाताने एकत्र फेटायचं. बिडाचा तवा चांगला तापला की अर्धा चिरलेला कांदा तेलात बुडवून त्यावर फिरवायचा, डावभर पीठ घालायचं, जास्त पसरायचं नाही, वर झाकण. कडेने सुटायला लागली की झाकण काढायचं, वरून जाळी पडलेली दिसते. सोबत काळ्या वाटाण्याची उसळ.

माझा अनुभव असा की गावाला थंडीत पीठ यायला जास्त वेळ लागायचा, इथे सीवूड्सला मे महिन्यात सहा-सात तासांत भांड्याबाहेर येतं. रात्री उशिरा वाटलं तरच सकाळी बरोबर होतं, नाहीतर आंबट ढाण. मेथीचा काही उपयोग असतो की नुसती चव?

तलावपाळी

वाचूनच भूक लागली. मेथीत चिकट तंतुमय पदार्थ असतो, त्याने पीठ वायू जास्त चांगला धरतं आणि आंबोळी मऊ होते. डाळ आणि तांदूळ वेगळे वाटायचं कारणही तेच. डाळीचं वाटण जितकं फुगीर, तितकी जाळी छान. आपल्या खाडीकाठच्या दमट उष्णतेत जिवाणू जोरात काम करतात. पीठ दुप्पट झालं की लगेच फ्रिजमध्ये टाका. फ्रिजमध्ये आंबणं थांबत नाही, पण बरंच मंदावतं.

ऐरोलीकर_मूळ_बार्शी

आंबिलीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या आईची पद्धत: ज्वारीचं पीठ रात्री ताकात कालवून मातीच्या गाडग्यात ठेवायचं. सकाळी वर बारीक बुडबुडे दिसतात आणि आंबूस वास येतो. पाणी उकळायला ठेवून त्यात हे पीठ हळूहळू ओतायचं, एका हाताने सतत ढवळत, नाहीतर गुठळ्या होतात. लसूण, जिरं आणि मीठ ठेचून घालायचं. दाट झालं की उतरवायचं. पूर्ण गार झाल्यावर वरून ताजं ताक आणि कोथिंबीर. उन्हाळ्यात शेतावर जाताना हेच न्यायचे.

इथे मी नाचणीचीही करतो. मुलं सुरुवातीला नाक मुरडायची, आता एप्रिल-मे मध्ये शाळेतून आली की आधी आंबील मागतात.

तलावपाळी

दादा, तुमच्या आईंची कृती मी आता सगळ्यांना सांगणार आहे. रात्रभर आंबलेलं पीठ शिजवलं, म्हणजे फायटिक आम्ल कमी झालं, धान्य पचायला सोपं झालं. आणि गार झाल्यावर वरून ताक घातलं, म्हणजे जिवंत जिवाणूही मिळाले. दोन्ही गट एका वाटीत! फक्त ताक घालण्याआधी आंबील खरोखर गार होऊ द्या, घाई करून गरम असताना घातलंत तर तो दुसरा फायदा गेला. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं, तेव्हा वाढत्या वयाच्या मुलांना तर जरूर द्या.

दिवाळेगाव

आमच्या आगरी-कोळी घरांत हळदीला वडे लागतातच. पीठ आदल्या रात्री मळून, झाकून ठेवतात, सकाळी हलकं झालेलं असतं. पूर्वी इकडे ताडाची, माडाची झाडं भरपूर होती. ईस्ट इंडियन (इथले मूळचे मराठी ख्रिस्ती) शेजारी ताडीने पीठ आंबवून फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, करायचे, नाताळात आमच्याकडे यायचे त्यांच्या घरून. आता ताजी ताडी मिळणं कठीण, ते लोक यीस्ट वापरतात. चव थोडी वेगळी लागते.

खाडीपूल

धागा वाचतोय. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलोय म्हणून एक मुद्दा मांडतो, राग मानू नये. मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञांनी शंभरहून जास्त वर्षांपूर्वी दह्याने दीर्घायुष्य लाभतं असं मांडलं होतं. त्यांना १९०८ चं नोबेल मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, दह्यासाठी नाही. दह्याने आयुष्य वाढतं हे आजही कुणी सिद्ध केलेलं नाही. मग "प्रतिकारशक्ती वाढते, सूज कमी होते, मन प्रसन्न राहतं" असं जे सर्रास फिरतं, त्याला माणसांवर केलेल्या अभ्यासाचा आधार किती?

तलावपाळी

राग कसला, हा प्रश्न यायलाच हवा होता. माणसांवरचा एक नीट केलेला अभ्यास स्टॅनफर्ड विद्यापीठाचा आहे, २०२१ मध्ये 'सेल' या नियतकालिकात आला. ३६ निरोगी प्रौढ, दहा आठवडे. एका गटाने आंबवलेले पदार्थ वाढवले, दुसऱ्याने तंतुमय आहार. आंबवलेल्या गटात आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाहाशी संबंधित १९ प्रथिनं कमी झाली, त्यात इंटरल्यूकिन-६ सुद्धा होतं. तंतुमय गटात विविधता तशी वाढली नाही, याचं अभ्यासकांनाही आश्चर्य वाटलं.

पण यातली मर्यादा मी माझ्या प्रत्येक रुग्णाला सांगते. माणसं फक्त ३६, सगळी निरोगी, आणि आंबवलेल्या गटातले लोक दिवसाला सरासरी सहा सर्व्हिंगपर्यंत गेले होते. म्हणजे जेवणानंतर अर्धी वाटी ताक घेतलं आणि तोच परिणाम झाला असं म्हणता येत नाही. रक्तातले आकडे सुधारले म्हणजे आजार टळला असंही नाही. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०२४ मध्ये योगर्ट आणि टाइप २ मधुमेहाचा धोका कमी होणं यांचा संबंध सांगायला परवानगी दिली, तीही 'पुरावा मर्यादित आहे' हे शब्द घालण्याच्या अटीवर. मन प्रसन्न राहतं वगैरे दाव्यांवर मी तरी आज कुणाला काही सांगणार नाही.

आणि या अभ्यासाचा आधार घेऊन कुणी भाज्या, डाळी, कोशिंबीर कमी करू नये. जिवाणू पोटात गेले तरी त्यांना खायला तंतू लागतात.

खाडीपूल

धन्यवाद, एवढं स्पष्ट उत्तर आवडलं. वाचकांसाठी एक पुस्ती: 'आंबवलेलं' आणि 'प्रोबायोटिक' एक नव्हे. प्रोबायोटिक म्हणायचं तर जिवाणूंचा नेमका वाण माहीत हवा, पुरेशी संख्या हवी आणि त्याचा फायदा तपासून दाखवलेला हवा. घरच्या दह्यात कोणते वाण आहेत हे आपल्याला माहीत नसतं. ते दही चांगलंच आहे, पण औषध म्हणून मोजता येणार नाही.

वर्तकनगर_निवृत्त

मॅडम, मला बारा-पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळीही चालू आहे. सकाळी फिरून आलो की आम्हा मित्रांचा इडलीचा नेम असतो. "इडली हलकी, आंबवलेली, साखरेला चांगली" असं सगळेच म्हणतात. घरी लिंबाचं लोणचंही भरपूर असतं, तेही आंबवलेलंच ना?

तलावपाळी

काका, दोन्ही बाबतीत थोडं सावध राहा. इडली पचायला हलकी, हे खरं. पण ती मुख्यतः तांदूळच आहे. आंबवल्याने त्यातला स्टार्च नाहीसा होत नाही, साखर वाढायची ती वाढतेच. चार इडल्यांऐवजी दोन घ्या, चटणी कमी आणि भाज्या घातलेलं सांबार वाटी भरून घ्या. घरी कराल तेव्हा तांदळातला अर्धा भाग नाचणी किंवा ज्वारीने बदला आणि डाळीचं प्रमाण वाढवा. दोन तासांनी घरच्या मशिनवर साखर मोजून बघा, तुमचं शरीर स्वतः सांगेल.

लोणच्याचं म्हणाल तर तेल-मोहरीचं कैरीचं लोणचं टिकतं ते मीठ, तेल आणि आंबटपणामुळे. त्यात आंबणं असलंच तर थोडं. लिंबाच्या लोणच्यात तर मिठाचं प्रमाण फार. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सगळा स्वयंपाक धरून चमचाभरसुद्धा नाही. रक्तदाबाच्या माणसाने पोटासाठी म्हणून लोणचं वाढवू नये. ताक प्या, पण बिनमिठाचं, जिरेपूड आणि आलं घालून. गोळ्या मात्र तशाच चालू ठेवा.

पाचपाखाडी_पूर्णशाकाहारी

मी शाकाहारी आहे, बी-१२ खूप कमी आलं. एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं की इडलीचं पीठ तीन दिवस आंबवलं की त्यात बी-१२ तयार होतं, इंजेक्शनची गरज नाही. आणि खमंग ढोकळाही आठवड्यातून दोनदा करते, इन्स्टंट पिठाचा. चालेल?

तलावपाळी

ताई, इंजेक्शन सोडू नका. हे मी अगदी कळकळीने सांगतेय. इडलीच्या किंवा डोशाच्या पिठातून बी-१२ भरवशाने मिळत नाही, कितीही दिवस आंबवलं तरी. काही सूक्ष्मजीव बी-१२ शी मिळतंजुळतं संयुग तयार करतात, पण ते माणसाच्या शरीराला उपयोगी पडत नाही. दूध-दह्यातून थोडं मिळतं, पण तुमच्यासारखी कमतरता असेल तर तेवढ्याने भागत नाही. बी-१२ खूप दिवस कमी राहिलं की नसांवर परिणाम होतो, हातापायांना मुंग्या येतात, आणि उशीर झाला तर काही नुकसान भरून निघत नाही. डॉक्टरांनी दिलेला कोर्स पूर्ण करा, मग पुन्हा तपासणी.

इन्स्टंट ढोकळा फुगतो तो खायचा सोडा किंवा फ्रूट सॉल्टमुळे. तिथे आंबण्याचा काही संबंध नाही. हरभरा डाळ आणि तांदूळ भिजवून, आंबट ताकात वाटून रात्रभर ठेवलेला ढोकळा वेगळा, तो करा.

घणसोली_नवीन

मी २४ वर्षांचा आहे. रूममेटबरोबर गाजर-बीटची कांजी केली, पाणी, मीठ, मोहरीपूड घालून. दोन-तीन दिवसांनी वर पांढरा पातळ थर आला. फेकून द्यावी का? एक व्हिडिओ सांगतो काढून टाका आणि प्या. आणि शिळा भात पाण्यात ठेवून खाल्ला तर चालतो का? ओडिशाचा मित्र पखाळ म्हणून खातो.

तलावपाळी

आधी थर बघा. सपाट, पांढरट, पावडरीसारखा असेल तर ते बहुधा यीस्ट असतं, त्रास होत नाही, पण चव बिघडवतं. हिरवा, काळा, गुलाबी ठिपका किंवा लव दिसली तर सगळी बरणी टाकायची. वरचं काढून खालचं प्यायचं नाही, कारण बुरशीचे तंतू खोलवर गेलेले असतात. वास कुजका आला किंवा पाण्याला तार यायला लागली तरी टाका.

पुढच्या वेळी भाज्या आणि पाण्याच्या एकूण वजनाच्या दोन ते अडीच टक्के मीठ मोजून घाला, म्हणजे एक किलोला २० ते २५ ग्रॅम. भाज्या पाण्याखाली राहतील असं काहीतरी वर ठेवा. बरणी उकळत्या पाण्याने धुऊन, वाळवून घ्या. पावसाळ्यात आपल्याकडे सगळीकडे बुरशी पटकन धरते, तेव्हा तर विशेष काळजी.

पखाळ ओडिशाची, पांता भात बंगालचा, तमिळनाडूतही तसंच आहे. भात ताजा शिजवून, गार करून लगेच पाण्यात घालायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संपवायचा. दिवसभर ओट्यावर उघडा राहिलेला भात रात्री पाण्यात घातला तर ते आंबवणं नाही. शिजलेल्या भातात बॅसिलस सिरिअसची बीजं जिवंत राहतात आणि बाहेर ठेवलेल्या भातात वाढतात. त्यांचं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

खाडीपूल

भीती घालायची नाही, पण सावधगिरीसाठी एक घटना माहीत असावी. २०२० मध्ये चीनच्या हेलाँगजियांग प्रांतात एका कुटुंबातल्या नऊ जणांचा आंबवलेल्या मक्याच्या शेवया खाऊन मृत्यू झाला. त्या जवळपास वर्षभर फ्रीझरमध्ये पडून होत्या. त्यात बोंगक्रेकिक आम्ल सापडलं, बरखोल्डेरिया गटातला एक जिवाणू ते तयार करतो. शिजवून ते नष्ट होत नाही. आंबवलेलं म्हणून पिठाला मुदत नसते असं कुणी समजू नये.

खारघर_सेक्टर_२२

माझ्या सासूबाईंची केमोथेरपी चालू आहे. इथल्या टाटाच्या केंद्रात येणं-जाणं असतं. तोंडाची चव गेलीय, दही-ताक मागतात. देऊ का? नणंद कांजी पाठवते म्हणतेय.

तलावपाळी

ताई, कांजी सध्या नको. केमोत पांढऱ्या पेशी खाली येतात, तेव्हा निरोगी माणसाला काहीच न करणारा जिवाणूही त्रासदायक ठरू शकतो. घरच्या विरजणाबद्दलही स्वतःहून ठरवू नका. त्यांच्या पेशींचा रिपोर्ट बघून तिथले डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ सांगतील, प्रत्येक चक्राला उत्तर वेगळं असू शकतं. तोवर शिजवलेलं, ताजं द्या: गरम इडली चालते का ते विचारा, मऊ असते आणि गिळायला सोपी. सासूबाईंना लवकर बरं वाटो.

हाच सल्ला अवयवरोपण झालेल्यांना आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनाही. ज्यांना मायग्रेन किंवा अंगावर पित्त उठण्याचा त्रास आहे, त्यांनीही लक्ष ठेवावं. आंबवलेल्या पदार्थांत हिस्टामीन (ॲलर्जीसारखा त्रास देऊ शकणारं रसायन) जास्त असतं, काहींना ते सोसत नाही.

कोपरखैरणे_७

ताई, शेवटचा प्रश्न. मी दह्यावर आले खरी, पण माझं दही कधी तार येणारं, कधी आंबट. महिनाभर गावाला गेलं की विरजणही जातं.

सावंतवाडी_ते_सीवूड्स

तार यायला लागली की ते विरजण बदलायचं, दुरुस्त करत बसायचं नाही. दूध उकळून कोमट होऊ द्या, करंगळी बुडवून दहापर्यंत मोजता आलं पाहिजे. अर्ध्या लिटरला चमचाभर विरजण, नीट घुसळून. लागलं की लगेच फ्रिजमध्ये. गावाला जाताना मी विरजण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. आल्यावर एक खडा बाहेर काढून वितळू द्यायचा आणि कोमट दुधात घालायचा. पहिलं दही थोडं सैल लागतं, दुसऱ्या वेळी बरोबर होतं. तुम्ही कोपरखैरण्यात, मी सीवूड्सला, ट्रान्सहार्बरने एका तिकिटात याल. विरजण हवं असेल तर मेसेज करा, रविवारी आंबोळ्या असतातच.